सेलूच्या पाटीवर चारच अक्षरं

"झोपेत हातपाय झाडायची सवय हाय का तुमाला?"

सेलूत खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा अक्कांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी दोन दिवसांत मी चार घरं पाहिली होती. सगळीकडे आधी गाव विचारत, मग आडनाव. आणि आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. म्हणून अक्कांच्या दारात मी गाव, आडनाव, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आलेय हे सगळं एका दमात सांगून टाकलं आणि परत फिरायच्या तयारीनं एक पाय पायरीखाली ठेवला. अक्कांनी त्यातलं किती ऐकलं देव जाणे. त्यांनी हातपायांचंच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"घोरता?"

"माहीत नाही."

"घोरा खुशाल. हात नका झाडू. या आत."

खोली लांबट होती. भिंतीला लागून लोखंडी खाट, आणि खाटेच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जुन्या इरकली लुगड्याचा पडदा. अक्कांनी दोरी ओढली. पडदा सरकला आणि मी बघतच राहिले. सागवानी चौकटीत, काचेखाली, परातीएवढी दोन वर्तुळं शेजारीशेजारी. एका वर्तुळात आपल्याकडचं अर्धं जग, दुसऱ्यात पलीकडचं. रंग विटलेले, पण मेलेले नव्हते. हिरवा तांब्यावर चढलेल्या गंजासारखा, गुलाबी डाळिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. समुद्रात शिडाची जहाजं. घोड्याच्या तोंडाचे मासे. चार कोपऱ्यांत चार बाया. आणि जिथं जागा उरली तिथं वेलबुट्टी, फळं, पक्षी.

"जग हाय," अक्का म्हणाल्या. "हे उतरवायचं न्हाई, खिळा हलवायचा न्हाई. आन् रोज तीन ते चार मी येणार. तुमी असा, नसा."

अक्का तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी प्यायच्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते जिनिंगमध्ये रुई पारखायचे. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांबीचा निघेल ते सांगायचं, असलं त्यांचं काम. सासरे त्याच जिनिंगात मुनीम होते. निजामाच्या काळात कापूस खरेदीला एक गोरा येऊन राहिला होता. तो परत जाताना खुर्च्या, दिवे, घोडा, सगळं लोकांनी नेलं. नकाशा कुणाला नको होता. सासऱ्यांनी तो बैलगाडीत गवत टाकून घरी आणला. एवढाच त्याचा इतिहास अक्कांना ठाऊक होता. तो हॉलंडमधला आहे, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचा आहे, हे खूप नंतर कळलं.

माझी शाळा सकाळची असायची, त्यामुळे दुपारी मी घरी असे. तीन वाजले की अक्का यायच्या. चप्पल उंबऱ्याबाहेर नव्हे, जिना चढण्याआधीच काढायच्या. हातात छोटं स्टूल. बसल्या की पूर्ण नकाशा कधी बघायच्या नाहीत. पंजा पसरून काचेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज हितं." मग त्या वीतभर जागेकडे तासभर. कधी नुसतं पाणी यायचं वाट्याला, तरी चालायचं. मी एकदा विचारलं, पाण्यात काय बघता एवढं? म्हणाल्या, "त्यायनी पानी बी मन लावून काढलंय. टिंब टिंब दिलेत. कुनीतरी बसून दिले असतील ना. मग कुनीतरी बसून बघाया नको?"

कोपऱ्यातल्या चार बायांना त्या 'जावा' म्हणायच्या. चित्रकारानं माती, पाणी, अग्नी आणि वारा अशा त्या काढल्या होत्या. अक्कांना ते कुणी सांगितलं नव्हतं, तरी वर्षानुवर्षं बघून त्यांनी ओळखलं होतं. फळांचं शिंग घेतलेली थोरली. घागर ओतणारी दुसरी. तिसरीच्या हातात जाळ, ती तापट. चौथीच्या भोवती पाखरं, ती धाकटी आणि उंडगी. वैशाखात पत्रे उडायला लागले की अक्का म्हणायच्या, "धाकटीचं डोकं फिरलंय आज." भाजीवालीही तेच म्हणायला शिकली होती. पण कुणी त्या नकाशाला हळदकुंकू लावू म्हटलं की त्या भडकायच्या. "जावा हायत त्या. देव न्हाईत."

एका जहाजाची त्यांना काळजी असायची. ते खालच्या समुद्रात, कुठल्याच किनाऱ्याजवळ नसलेलं. "मी लगीन होऊन आले तवा बी ते हितंच व्हतं," त्या म्हणायच्या. "आता त्यायच्यापाशी प्यायचं पानी उरलं असंल का?" हे त्या गमतीनं म्हणायच्या नाहीत. त्या दुपारी बाहेर कपाशीचे ट्रक हॉर्न देत जिनिंगकडे वळत असायचे, पंखा कुरकुरायचा, आणि मी वह्या तपासता तपासता त्या जहाजावरच्या माणसांची काळजी करायला लागायचे.

मी हेही सांगायला हवं की सुरुवातीचे कितीतरी महिने अक्का माझ्या हातचा चहा घ्यायच्या नाहीत. "आत्ताच झालाय माजा," म्हणायच्या. मी रोज विचारायचे, त्या रोज तेच सांगायच्या. मलाही विचारल्याशिवाय राहवत नसे आणि त्यांनाही एवढं एक उत्तर सोडून दुसरं सुचत नसे. खोली दिली, जग दिलं. चहा मात्र आत्ताच झालेला.

चूक माझ्या हातून झाली. एके दिवशी त्या खुशीत होत्या आणि मला जग दाखवायला लागल्या. डावीकडच्या वर्तुळाच्या वरच्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही विलायत."

ती उत्तर अमेरिका होती.

"हे खालचं हबसान, हबशी लोकांचं. ही हिकडली मोठी जमीन म्हंजी रूम, तुर्कांची. हे लांबुळकं बेट काळ्या पान्याचं." ते बेट म्हणजे कॅलिफोर्निया, त्या काळच्या नकाशाकारांना ते बेट वाटलं होतं. मग अक्कांनी युरोपावर बोट फिरवलं. इतके छोटे छोटे तुकडे, इतकी दाट बारीक नावं. "आन् हे किरकोळ."

"किरकोळ?"

"हे म्हनायचे. बारीकसारीक हाय ते सगळं. किरकोळ."

मी हसले. मला हसू आवरेनाच. तेवीस-चोवीस वर्षांची होते, भूगोलात पहिली आलेली. हसत हसतच म्हणाले, "अहो अक्का, हेच तर विलायत आहे! तुम्ही किरकोळ म्हणताय ते! आणि ही विलायत नाही, ही अमेरिका. हे हबसान नाही, ही पण अमेरिकाच, दक्षिणेकडची. रूम म्हणताय ती आफ्रिका. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

कुणी ते त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

अक्कांनी बोट काचेवरून काढलं. पदरानं काच पुसली, जिथं बोट लागलं होतं तेवढीच. दोरी ओढून पडदा लावला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. स्टूल उचललं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. मी खाली जाऊन माफी मागितली तर म्हणाल्या, "कशाची? खरं तेच बोललाव तुमी," आणि भाकरी थापत राहिल्या. मग शेजारणीनं सांगितलं की अक्का आठवड्यातून दोनतीनदा सकाळच्या पॅसेंजरनं कुठंतरी जायल्यात. डबा घेऊन जातात, दुपारी परत येतात. नातेवाईक ना कुणी, देवदर्शन म्हणावं तर प्रसाद आणत नाहीत. "तुमच्याशी काही बोलल्या का?" तिनं विचारलं. बोलल्या नव्हत्या. वीस-पंचवीस वर्षांत अक्का तालुक्याबाहेर गेल्या नव्हत्या म्हणे. नवरा गेल्यावर तर बाजारालाही कुणाला तरी पाठवायच्या. मला झोप लागेना. डोक्यावर पडदा ओढलेलं जग, आणि ते बघायला कुणी नाही.

पुढे महिनाभरानं मला प्रशिक्षणासाठी परभणीला जायचं होतं. सकाळच्या गाडीत चढले. मानवत रोडला गाडी थांबली आणि खिडकीतून बघते तर अक्का. शेजारच्याच डब्यातून उतरल्या असाव्यात. फलाटावरून सरळ टोकाला चालत गेल्या, जिथं गावाच्या नावाची पिवळी पाटी असते, आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून वही काढली. पाटीकडे बघायचं, वहीत काढायचं, पुन्हा पाटीकडे बघायचं. लहान मूल चित्र काढतं तसं जीभ दातांत धरून.

गाडीनं शिट्टी दिली. मी उडी मारून उतरले. प्रशिक्षण गेलं.

"अक्का, काय करताय हे?"

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा, ह्यो झाला की बोलते. ह्यो दोन डोंगरवाला अवघड हाय." त्या डब्ल्यू काढत होत्या.

झाल्यावर पाटीखालच्या सावलीत बसलो. त्यांनी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर सेलू. वर मराठीत, खाली इंग्रजीत, एकेक अक्षर बोराएवढं. से खाली दोन अक्षरं, लू खाली दोन, मध्ये रेघ. मग पानोपानी महिनाभर गिरवलेलं मानवत, शेवटच्या पानावर आजचं.

"पाटीवर मराठी बी असतंय आन् इंग्रजी बी असतंय," त्या समजावून सांगायला लागल्या. "वरचं मला येतं. मी चौथी झालेली हाय. वरून खालचं काढायचं. पर सेलूच्या पाटीवर चारच हायत. चारावर काय जग वाचता येतं? म्हनून हिकडं येते. हितं लय मिळाले. एकच हाय ह्यो, बघा," त्यांनी एचवर बोट ठेवलं, "ह्यो कुनाच्या बी मागं जाऊन हुबा ऱ्हातो. त्याचा भरोसा न्हाई."

"अक्का, मी घरातच आहे की वरती. दोन दिवसांत शिकवते सगळी अक्षरं. सव्वीसच असतात."

त्यांनी वही परत घेतली.

"ह्यायनी सांगितलं, ते ह्यायचं झालं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलं, ते तुमचं झालं. माजं कुटं हाय?"

थोड्या वेळानं त्यांनी डबा सोडला. त्यांनी त्यांचा डबा खाल्ला, मी माझा. परतीच्या गाडीला दोन तास होते. रुळांच्या पलीकडे तुरीचं पीक वाऱ्यानं हलत होतं, आणि अक्का अधूनमधून पाटीकडे बघून ओठ हलवत होत्या.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा अक्कांनी रेल्वेत काढला. मला आता सांगून जायच्या. परभणीहून प आणि ब आणला. पिंगळीहून ग. परळीकडं जाऊन व आणि ज. अक्षरांची इंग्रजी नावं त्यांना कधीच कळली नाहीत; त्यांच्यासाठी तो 'परभणीचा प' आणि 'मानवतचा म'च राहिला. काही अक्षरं कुठल्याच गावात नव्हती. एफ त्यांना फलाटावरच्या औषधाच्या पेटीवर सापडला. झेड निजामाबादच्या गाडीच्या पाटीवर. एक्सचं मला विशेष कौतुक वाटलं. एक दिवस आल्या त्या धापा टाकत, जिन्याखालूनच ओरडल्या. "फुलीसारखा असतो तो मिळाला! गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागं काढलेला असतोय. गाडी गेली की दिसतो." क्यू मात्र दोन महिने मिळाला नाही. तो नकाशाच्या बरोब्बर मध्यावर, विषुववृत्ताच्या नावात होता, म्हणून त्यांना हवा होता. शेवटी डब्यात कुणीतरी टाकून दिलेल्या पाण्याच्या बाटलीवर सापडला. ती रिकामी बाटली त्यांनी घरी आणली, धुतली आणि खिडकीत ठेवली.

मग एका दुपारी तीन वाजता जिन्याखाली चप्पल काढल्याचा आवाज आला. स्टूल घेऊन अक्का वर आल्या आणि काहीच झालं नव्हतं अशा बसल्या. पंजा काचेवर ठेवला. "आज हितं."

ती त्यांची विलायत होती. बोट एकेका अक्षराखाली सरकत होतं. "अ... मे... री..." त्या थांबल्या. "का," म्हणाल्या. चार वाजेपर्यंत बोट तिथंच. मग दुसऱ्या दिवशी आफ्रिका. मग किरकोळ. तिथं मोठ्या अक्षरांत युरोपा असं लिहिलेलं त्यांनी लावलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या, खांदे हलेपर्यंत. मी हसले नाही. आता हसायची पाळी त्यांची होती.

समुद्रांची नावं लॅटिनमधली. अर्थ मलाही येत नसे. अक्का ती लांबलचक नावं सूर लावून वाचायच्या, मी मागून म्हणायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वरती काहीतरी पोथी चाललीय असं वाटलं असेल. "अर्थ कळत नाही तर काय उपयोग?" मी एकदा म्हटलं. अक्का म्हणाल्या, "कळंल की. घाई हाय का?"

सगळ्यात शेवटी, चार-पाच दिवस लावून, त्यांनी खालची जमीन वाचली. दक्षिणेकडे नकाशाकारांनी एक अवाढव्य किनारा काढला होता, आणि मध्येच रेघ सोडून दिली होती. पुढं कोरा कागद. त्यावर लिहिलेलं अक्कांनी वाचलं: टेर्रा ऑस्ट्रालिस इनकॉग्निटा. हे मला येत होतं.

"दक्षिणेकडची अनोळखी जमीन," मी सांगितलं. "म्हणजे कुणालाच माहीत नसलेली."

अक्का माझ्याकडे वळल्या. "खरंच तसं लिवलंय?"

"हो."

"हे बी हेच म्हनायचे," त्या म्हणाल्या. "हितं बोट ठिवून म्हनायचे, हितलं कुनालाच ठाऊक न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "एक तर खरं सांगितलं व्हतं."

मग त्यांनी मला सांगितलं, लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी त्यांना समजलं होतं. एकाच जमिनीला नवऱ्यानं सोमवारी एक नाव सांगितलं आणि गुरुवारी दुसरं. नवऱ्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, ते कबूल करवत नव्हतं, आणि नवी नवरी समोर डोळे मोठे करून बसलेली. "मग विचारलं का नाही?" मी म्हटलं. "विचारलं असतं तर सांगायचं बंद झालं असतं," अक्का म्हणाल्या. "दिसभर जिनिंगात रुईच्या धुळीत असायचे. मुक्यानं घरी यायचे. ह्याच्यापुढं बसले की बोलायचे. मी कशाला बंद पाडू?"

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चहाचं विचारलं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे आत्ताच झालाय म्हटलं. पण जिन्यात थांबून म्हणाल्या, "तू लय चांगलं वाचतीस, बाई." पहिल्यांदाच तू म्हणाल्या.

पुढचं प्रकरणही माझ्यामुळेच उद्भवलं. मोबाईलवर नकाशाचा फोटो काढून मी माझ्या कॉलेजच्या सरांना पाठवला, त्यांनी आणखी कुणाला. पंधरा दिवसांत पुण्याहून फोन. अक्कांचा पुतण्या तिकडेच नोकरीला होता, त्याच्यापर्यंतही बातमी गेली. तो जुन्या कागदांचा जाणकार असलेल्या एका गृहस्थांना घेऊन सेलूत आला. पुतण्या वाईट नव्हता. दर दिवाळीला काकूला लुगडं आणायचा. पण खोलीत शिरल्यापासून तो भिंतीकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर अक्कांनी पाहिली आणि मीही.

जाणकारांनी पांढरे सुती हातमोजे घातले. दोघांनी मिळून चौकट खाली घेतली, मागची फळी काढली. कागद खिडकीपाशी उजेडात धरला. भिंग लावून ते कोपऱ्यापासून बघत आले. चारी जावा, जहाजं, मासे. "अस्सल आहे," ते हळूच म्हणाले. "तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला. रंग हातानं दिलेले. इतका ताजा राहिलाय, कुणी उन्हापासून जपलाय?" कुणी पडद्याबद्दल बोललं नाही. मग भिंग हिंदुस्थानावर आलं आणि थांबलं.

"हे काय?"

पुतण्या वाकला. मी वाकले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर बंदरांची नावं माशांच्या काट्यांसारखी दाटलेली होती, पण पोटात बरीच जागा मोकळी होती. खलाशी किनाऱ्यानं जात, आत कुणी आलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेत, गोदावरीसारख्या दिसणाऱ्या रेघेच्या जरा वर, लाल शाईत चार अक्षरं होती. सुबक, जपून काढलेली. ती शाई मी ओळखली. माझ्या वह्या तपासायच्या पेनची होती.

"काकू!" पुतण्या ओरडला. "काय केलंस हे? कळतंय का तुला काय करून ठेवलंस? चारशे वर्षं जुनी वस्तू, आन् तू तिच्यावर पेनानं...?"

"त्यायला ठाऊक नव्हतं, म्हनून जागा सोडली," अक्का म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

"अगं पण..."

"खोटं लिवलंय का? सांग. हितं सेलू न्हाई का?"

पुतण्यानं कपाळाला हात लावला. मी भिंतीला टेकून उभी होते. पेन माझं, फोटो माझा. चौकट अक्कांनी मी शाळेत असताना कुणाच्या तरी मदतीनं उतरवली असणार. जाणकार भिंगातून पुन्हा त्या चार अक्षरांकडे बघत होते. मग त्यांनी हातमोजे काढले आणि अक्कांच्या स्टुलावर बसले.

"आजी, ही शाई आता निघायची नाही," ते म्हणाले. "काढायला गेलो तर कागद जाईल. घेणारा माणूस असला कागद घेत नाही." ते पुतण्याकडे बघून म्हणाले, पण पुढचं अक्कांना उद्देशून होतं. "एक सांगतो. ज्यांनी हा छापला ना, त्यांच्याकडं तांब्याचे पत्रे जपून ठेवलेले असायचे. जहाज परत आलं, खलाशांनी नवीन काही पाहून आल्याचं सांगितलं, की त्याच पत्र्यावर ते कोरायचे. मग पुन्हा छापायचे. असं कित्येक वर्षं चालायचं."

"मग?" अक्कांनी विचारलं.

"मग काही नाही. तुमचं जहाज जरा उशिरा परत आलं."

अक्कांना ते आवडलं नसावं. जहाजाबद्दल त्यांना थट्टा चालत नसे. त्यांनी खालच्या समुद्रातलं ते जहाज बोटानं दाखवलं आणि म्हणाल्या, "हे पोचलं का, ते सांगा."

जाणकारांनी त्या जहाजावर पुन्हा भिंग धरलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं झालं, खरं बोललाव," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना जेवून जायला सांगितलं. नकाशा पुन्हा चौकटीत गेला, चौकट पुन्हा भिंतीवर. पुतण्या दोन वर्षं बोलला नाही, मग बोलायला लागला.

माझ्या बदलीची वेळ आली तेव्हा मला वाटलं, अक्कांसाठी काहीतरी मोठं करावं. म्हटलं, अक्का, चला, मी तुम्हाला समुद्र दाखवून आणते. खरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत.

अक्का म्हणाल्या, "पानी काय बघायचं. तुजं गाव दाखव."

मला वाटलं, बोलण्यापुरतं म्हणाल्या असतील. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरून ठेवली होती. लिंगाचा करंडा, विभूती, एक लुगडं.

परभणीहून पालमची एसटी. तिथून गावापर्यंत जीप. गावाच्या कडेला आमची वस्ती, तिथून आमचं घर चालत. मी आईला फोन करून सांगितलं होतं आणि आईनं दोन दिवसांत घर तीनदा सारवलं होतं. तिला घाम फुटला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "लिंगायताच्या बाई त्या. खायाचं काय करू? दुकानातून बिस्किटाचा पुडा आनू का? फोडलेला नसतो तो."

"नको," मी म्हटलं. खरं तर मलाही काय करावं ते कळत नव्हतं.

अक्का ओसरीत बसल्या होत्या. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघत होत्या, त्यांच्या सवयीप्रमाणे जरा जवळ जाऊन. आई हात जोडून उभी राहिली. "बाई, चहा..." एवढंच म्हणाली.

मी अक्कांकडे बघितलं नाही. ओसरीतल्या रांजणाकडे बघत राहिले.

"टाक की," अक्का म्हणाल्या. "साखर जास्ती टाक. येष्टीनं लय हादरलंय अंग."

चहा झाला. मग अक्का चुलीपाशी गेल्या आणि आईशेजारी फतकल मारून बसल्या. आईची भाकरी थापायची पद्धत वेगळी होती, एका हातावर फिरवायची. त्यावरून दोघींचं सुरू झालं. ज्वारी कुठली, दगडी जातं कधी मोडलं, गुडघे कुठं दुखतात. आईनं पिठलं केलं. अक्का दोन भाकरी जेवल्या आणि तिसरीचा चतकोर मागून घेतला. माझ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. नकाशाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "ही शाळंत तेच शिकवती म्हनं," आणि अक्का म्हणाल्या, "बरी शिकवती. हसती मात्र लय." दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

दुपार चढली. पत्रा तापला होता. आईनं सतरंजी घातली, स्वतःची उशी दिली. अक्कांनी पाठ टेकली आणि बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. तोंड जरासं उघडं, एक हात सतरंजीच्या बाहेर जमिनीवर पसरलेला. आई त्यांच्या उशाशी बसून पदरानं माशा हाकलत होती. मी एसटीची वेळ विचारायला तोंड उघडलं तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," आई म्हणाली. "झोपल्यात त्या."